पानाला चीर नव्हती

अक्कांच्या शेवटच्या चित्रातलं कमळाचं पान मी बदलू दिलं. ते पान चुकलंय असं चारचौघांत त्यांना सांगितलं गेलं, तेव्हा मी तिथेच उभा होतो आणि गप्प बसलो. चूक आपल्याच हातून झाली, असं त्या कित्येक महिने समजत राहिल्या. हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर पुढे अक्कांविषयी जे चांगलं सांगणार आहे, त्याच्या आड मी पुन्हा लपेन.

शकुंतलाअक्का तेव्हा मल्लेश्वरममध्ये राहायच्या. मूळच्या निपाणीच्या, पण सगळी नोकरी बेंगळुरूतल्या एका वनस्पती-संशोधन संस्थेत झाली. काम एकच, झाडांची चित्रं काढायची. शास्त्रज्ञ रानातून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून झाडं आणायचे आणि ती कोमेजायच्या आत अक्का जलरंगात उतरवायच्या. पान, फूल, फळ, बी, देठावरची लव, सगळं जसंच्या तसं आणि मापात. आता फोटो असताना चित्रं कशाला, असं मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "फोटोला काय सोडायचं ते कळत नाही बघ. सावली पण दाखवतो, मागचं गवत पण दाखवतो. चित्र काढणाऱ्याला कळावं लागतं."

निवृत्तीनंतर त्या घरीच रविवारचा वर्ग घ्यायच्या. मला तिथे बायकोनं पाठवलं. "सुट्टीच्या दिवशी घरात फिरत राहतोस आणि सगळ्यांवर खेकसतोस, त्यापेक्षा कुठेतरी जाऊन फुलं काढ," असं मीनलचं म्हणणं. आम्ही के. आर. पुरमच्या पलीकडे राहतो. तिथून मल्लेश्वरम म्हणजे बेंगळुरूचं एक टोक सोडून दुसरं गाठणं. मी उशिरा पोचायचो. अक्का दारातूनच ओरडायच्या, "काय पुणे, आज पण सिग्नल लाल होता?" माझं नाव हेमंत आहे, हे त्यांना ठाऊक होतं. पण मी मूळचा पुण्याचा, म्हणून त्यांनी मला कायम 'पुणे' अशीच हाक मारली.

बाई उंच आणि काटक होत्या. चष्मा गळ्यात अडकवलेला असायचा, आणि त्याची दोरी म्हणजे परकराची नाडी. जुन्या चादरीचा शिवलेला एप्रन, त्यावर निरनिराळ्या हिरव्या रंगांचे पुसलेले पट्टे. ट्यूबमधला तयार हिरवा रंग वर्गात आणायला बंदी होती. एकदा एका नवीन मुलीनं आणला. अक्कांनी ट्यूब उचलून खिडकीतून रस्त्यावरच्या हिरव्या ऑटोकडे बोट दाखवलं. "हा त्याला लावायचा. झाडाला नाही. झाडाचा हिरवा आपण करायचा. निळ्यात पिवळा, स्वल्प तांबडा. तांबडा विसरलीस की पान प्लॅस्टिकचं होतंय."

टेबलावर दोन स्टीलचे पेले असायचे, एक ब्रश धुवायचा, एक स्वच्छ पाण्याचा. स्वच्छ पाण्यात कुणी घाण ब्रश बुडवला की अक्का काहीच बोलायच्या नाहीत. फक्त पेला उचलून मोरीत ओतायच्या, पुन्हा भरायच्या आणि त्या माणसाला त्या दिवशी कॉफी द्यायला विसरायच्या.

पहिल्या रविवारी त्यांनी विचारलं, काय काढायचंय? मी म्हटलं, कमळ. समोर फूल नव्हतं, तरी मी उत्साहानं काढलं. आठ पाकळ्या, चारही बाजूंनी सारख्या, मध्ये पिवळा गोळा. अक्कांनी कागद लांब धरून पाहिला.

"हे लक्ष्मीच्या हातातलं."

मला वाटलं, कौतुक आहे. मी हसलो.

"ह्याला देठ कुठाय? देवीनं धरलंय म्हणून उभं राहतंय ते. तुझं कुणी धरलंय?"

पुढचे कित्येक रविवार मी वांग्याचा देठ काढत होतो. वांगं नाही, नुसता देठ.

त्यांच्या घरात देवापाशी रोज फूल असायचं, सणावाराला कमळही असायचं. श्रद्धा नव्हती असं नाही. पण फुलाचा अर्थ लावायची लोकांना जी घाई असते, ती त्यांना सोसायची नाही. श्रावणातल्या वरमहालक्ष्मीच्या सणाआधी शेजारच्या एका बाईंनी पूजेसाठी कमळाचं चित्र मागितलं. अक्कांनी दिलं. बाई खूश झाल्या, मग जवळून बघून म्हणाल्या, "अक्का, पानाला किड्यानं भोक पाडलंय. तेवढं बुजवून द्या ना. पूजेला बरं दिसत नाही."

अक्का म्हणाल्या, "लक्ष्मीला चालतंय हो. खरं पान पाठवलं तर ती काय परत पाठवते का?"

"पण कमळ म्हणजे शुद्धतेचं प्रतीक..."

"प्रतीक हवं तर बाजारात स्टिकर मिळतंय. दाराला चिकटवा."

बाई रागावून गेल्या. संध्याकाळी अक्का स्वतः डबा घेऊन त्यांच्याकडे गेल्या आणि समजूत घालून आल्या. चित्र मात्र बदललं नाही.

ते न बदलणं हा हट्ट नव्हता, हे मला एका वेगळ्या प्रसंगी समजलं. त्यांनी एका रानतेरड्याचं चित्र जवळजवळ पूर्ण केलं होतं. आम्ही सगळे त्याभोवती उभे राहून वा वा करत होतो. अक्कांनी भिंग लावलं, सुकलेलं झाड पुन्हा पाहिलं, आणि कागद उभा फाडला. देठावरची लव वरच्या बाजूला वळलेली होती, त्यांनी खाली वळवली होती. आमच्यातले एक निवृत्त बँक मॅनेजर कळवळून म्हणाले, "अहो, मला तरी द्यायचं होतं! मी कुठे लव बघणार होतो?"

अक्का म्हणाल्या, "उद्या कोण तरी हे चित्र बघून रानात शोधायला जाणार. तसलं झाड त्याला मिळणार नाही. त्याला वाटणार, झाडच संपलं."

एका पावसाळ्यात मी त्यांना गाडीनं आमच्या बाजूला, शहराबाहेरच्या एका तळ्यावर घेऊन जायला लागलो. तिथे कमळं होती. अक्कांना कमळाचं एक मोठं चित्र करायचं होतं. कळी, उमललेलं फूल, पाकळ्या गळताना उघडं पडलेलं बोंड आणि पान, सगळं एकाच कागदावर. संस्थेच्या संग्रहात त्यांची बाकीची चित्रं होती, पण कमळ राहून गेलं होतं. "सगळ्यांना येतंय म्हणून कुणी मला काढायला सांगितलंच नाही," असं त्या म्हणायच्या.

तळ्याकाठी प्लॅस्टिकचं स्टूल टाकून, छत्री धरून त्या बसायच्या. सकाळी उमललेलं फूल दुपारनंतर मिटायला लागतं, म्हणून घाई असायची. एके दिवशी त्यांनी मासे धरणाऱ्या माणसाकडून देठासकट एक पान मागवून घेतलं. देठ आडवा कापून मला दाखवला. आत उभ्या नळ्या होत्या, भेंडी कापल्यावर दिसतात तशी भोकं.

"तोंड लाव आणि फुंक."

"अक्का, लोक बघतायत."

"बघू दे की. पुण्याचा माणूस कमळ वाजवालाय म्हणतील."

दुसरं टोक पाण्यात धरून मी फुंकलं. पाण्यात बुडबुडे आले. अक्का एवढ्या हसल्या की छत्री पडली. मग म्हणाल्या, "लोक म्हणतात, कमळ चिखलात राहून चिखलापासून अलग असतंय. कसलं अलग? कांदा चिखलात रुतलाय. तिथं श्वास घ्यायला हवा नाही. हे पान वर बसून हवा घेतंय आणि ह्या नळीतनं खाली चिखलात पाठवतंय. घरचं बघतंय ते." थोड्या वेळानं, पानावरून हात फिरवत पुढे म्हणाल्या, "आणि हे लक्षात ठेव. कमळाचं पान पूर्ण गोल. देठ मधोमध, छत्रीसारखा. कडेपासून देठापर्यंत चीर गेली असेल तर ते कमळ नाही, कुमुदिनी. आमच्या कन्नडमध्ये हे तावरे आणि ते नैदिले. लोक दोन्हीला कमळच म्हणतात."

मी मान डोलावली होती. मला ते माहीत होतं. म्हणून सांगतोय.

त्याच दिवशी परतताना त्यांनी गाडीत मला सांगितलं की सरळ बघितलं की मधोमध धुकं दिसतं, तिरकं बघितलं की कडेचं दिसतं. डॉक्टरांनी सांगितलंय, वाढत जाणार. "कुणाला बोलू नकोस. हे एक चित्र होऊ दे."

मग माझ्या लक्षात आलं की त्या फुलाकडे बघताना मान पक्ष्यासारखी वळवून का बघायच्या. भिंग, कर्कटक आणि बोटं यांच्या जोरावर त्यांनी ते चित्र केलं. पानाची कड आधी बोटानं पूर्ण चाचपायच्या, मग रंगवायच्या. त्यांना मिळालेलं पान एका बाजूनं किड्यांनी खाल्लेलं होतं, कड तपकिरी पडली होती. तेही तसंच उतरलं. मी खूप चित्रं पाहिलेली नाहीत, पण त्या खाल्लेल्या पानाइतकं जिवंत काही मी कागदावर पाहिलेलं नाही.

आता माझा भाग.

मी इथल्या एका मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या कामात होतो. मुखपृष्ठासाठी अक्कांचं कमळ द्यायचं मीच सुचवलं. अक्का आधी नको म्हणाल्या, मग लाजून, "छापा. पण हाय तसं," म्हणाल्या. मूळ चित्र मी स्कॅन करून घेतलं आणि जयनगरमध्ये एका फ्रेमवाल्याकडे टाकलं. फ्रेम माझ्याकडून भेट.

अंकाची संपादक अनघा चांगली, उत्साही बाई. तिनं स्कॅन पाहून मला फोन केला. "हेमंत, फूल काय सुंदर आहे रे! पण ते पान? लोक लक्ष्मीपूजनाला अंक देवापाशी ठेवतात. सडकं पान कसं चालेल? थोडं क्लीन करून घे ना."

अक्कांना विचारतो, एवढं म्हणायला मला काही सेकंद लागले असते. मी म्हटलं, "बघतो." आणि डिझायनरला सांगितलं, पान जरा फ्रेश करा. तो कलाकार नव्हता आणि बॉटनिस्टही नव्हता. त्यानं जुनं पान काढून कुठलं तरी तयार, हिरवंगार पान तिथे बसवलं. मला फोनवर नमुना आला तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो. टेबलाखाली फोन धरून मी अंगठा पाठवला.

अंक छापून आला. खाली अक्कांचं नाव. अक्कांनी तो डोळ्यांच्या कोपऱ्याजवळ धरून पाहिला. त्यांना गुलाबी दिसलं, हिरवं दिसलं. "बरं आलंय की," म्हणाल्या आणि लगेच एक प्रत मूर्ती सरांना पाठवली.

मूर्ती सर म्हणजे संस्थेतले त्यांचे जुने सहकारी, वनस्पतिशास्त्रज्ञ. अक्कांच्या कित्येक चित्रांसाठी झाडं त्यांनीच आणलेली. पुढच्या रविवारी ते अंक घेऊन वर्गात आले. बराच वेळ इकडचंतिकडचं बोलले. मग कन्नडमध्ये, अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "शकुंतला, हे पान नैदिलेचं आहे. चीर आहे."

"चीर?" अक्का म्हणाल्या. त्यांनी अंक घेतला आणि मुखपृष्ठावरून अंगठा फिरवला. छापलेल्या गुळगुळीत कागदावर अंगठ्याला काय लागणार? मग मान वळवून पाहायचा प्रयत्न केला. मग अंक खाली ठेवला.

"असेल. माझे डोळे गेलेत, मूर्ती. सांगितलं नव्हतं तुम्हाला."

मी मागे मोरीपाशी ब्रश धूत होतो. नळ चालू होता. मी तो बंद केला, कारण आता बोलायला लागणार असं मला वाटलं. आणि मग मी बोललो नाही. मनात म्हटलं, सगळ्यांसमोर नको, नंतर एकटे असताना सांगू. मूर्ती सर गेले, बाकीचे गेले, आम्ही एकटे उरलो. तेव्हा मी म्हटलं, "अक्का, येतो."

त्यांनी वर्ग बंद केला. ब्रश वाटून टाकले. सगळ्यात चांगला, बारीक टोकाचा ब्रश मला दिला. "तुला देठ बरा जमतोय." मी तो घेतला. संस्थेला चित्र द्यायचं होतं, ते देणार नाही असं त्यांनी कळवून टाकलं. आणि मला म्हणाल्या, "जयनगरहून ते आणू नकोस. फ्रेमवाल्याला सांग, फाडून टाक म्हणावं. रंगवाल्यांत नाव आहे माझं, चुकीचं मागं राहायला नको."

मी 'सरी', बरं, म्हटलं. फाडायला मात्र सांगितलं नाही. तेवढाच काय तो माझा चांगुलपणा. चित्र मी फ्रेमवाल्याकडून आणलं आणि घरी कपाटामागे ठेवलं. मीनलनं विचारलं तेव्हा म्हटलं, अक्कांनी सांभाळायला दिलंय. मधूनमधून काढून बघायचो. गोल पान, मधोमध फिकट ठिपका, खाल्लेली कड. चीर नाही. पुन्हा ठेवून द्यायचो. पुढे महिना, दोन महिने, अजून काही दिवस. मी अक्कांना फोन करायचो, गोळ्या आणून द्यायचो, डॉक्टरकडे न्यायचो. आधी कधी केली नव्हती एवढी त्यांची सेवा केली. त्या शेजाऱ्यांना सांगायच्या, "पुणे फार चांगला आहे हं. पोटच्या पोरासारखा." ते ऐकून मला जे व्हायचं ते व्हायलाच हवं होतं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी गोळ्या घेऊन गेलो. दार उघडंच होतं. अक्का खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर कमळाचं एक मोठं पान. फुलवालीकडून मागवलेलं. त्या कडेवरून बोट फिरवत होत्या. एक फेरी पूर्ण झाली की पुन्हा पहिल्यापासून.

"पुणे, ये. बघ रे ह्याला. चीर नाही ना?"

"नाही, अक्का."

"मग मी काढली कशी?" त्यांचं बोट थांबलं नव्हतं. "दिसत नव्हतं ते खरं. पण कड तर मी हातानं बघितलेली. गोल होती. डोळे गेले ते समजलं मला. हात कसा गेला? रोज बसून हेच बघालोय. डोकं पण जाणार म्हणायचं का आता? सांग की."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सांगितलं. अनघाचा फोन, डिझायनर, मीटिंग, अंगठा. मूळ चित्रात पान गोल आहे, खाल्लेलं आहे, बरोबर आहे, ते माझ्या घरी आहे. मी भरभर बोलत होतो. अक्कांचं बोट पानाच्या कडेवर थांबलं.

मग म्हणाल्या, "बरोबर होतं?"

"होय."

"पूर्ण?"

"पूर्ण बरोबर होतं, अक्का."

त्यांनी डोळे मिटले. एक मोठा श्वास सोडला. त्या रडतायत असं मला वाटलं, पण रडत नव्हत्या. डोळे उघडले तेव्हा चेहरा कठीण झाला होता. "मला काय सांगालायस? मी तर घरचीच. मूर्तींसमोर सांग. वर्गासमोर सांग. रविवारी सगळ्यांना बोलाव. चित्र घेऊन ये."

रविवारी सगळे आले. त्या खोलीत इतक्या दिवसांनी माणसं पाहून मला पळून जावंसं वाटलं. अक्का खिडकीशी बसल्या होत्या, स्वच्छ धुतलेला एप्रन घालून. मान एका बाजूला वळलेली, म्हणजे त्या मला बघत होत्या. मी चित्र टेबलावर ठेवलं. मूर्ती सरांनी खिशातून भिंग काढलं आणि पानाच्या कडेवरून हळूहळू नेलं. पूर्ण फेरी झाल्यावर भिंग खिशात ठेवलं.

"चीर इल्ला," ते म्हणाले. चीर नाही. मग अक्कांकडे वळून हात जोडले. "शकुंतला, मी छापलेलं बघून बोललो. मूळ चित्र बघितल्याशिवाय बोलायला नको होतं. हे संस्थेत जाणार."

बँक मॅनेजरनी टाळी वाजवायला हात उचलले, मग माझ्याकडे बघून खाली घेतले.

"पुणे," अक्का म्हणाल्या. "बोल."

मूर्ती सरांना समजावं म्हणून मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये सुरुवात केली. "तप्पु नंदु, सर. अक्कंदल्ला." चूक माझी, अक्कांची नाही. पान कसं बदललं ते सगळं सांगितलं. संपल्यावर थांबलो.

"ते झालं पानाचं," अक्का म्हणाल्या. "त्या दिवशी नळ बंद केलास, मला ऐकू आलं होतं. मग गप्प का बसलास?"

याचं उत्तर मी ठरवून आलो नव्हतो. तोपर्यंत स्वतःलाही दिलं नव्हतं. पण त्या मान वळवून वाट बघत होत्या, आणि खोलीत सगळे होते.

मी म्हटलं, "तुमचे डोळे गेलेत हे तुम्ही सांगितलंत, आणि सगळ्यांना ते लगेच पटलं, अक्का. मग मला बोलायची गरजच उरली नाही. तुमच्या आंधळेपणाचा मी माझ्यासाठी उपयोग केला. तुम्ही स्वतःच्या हातावर शंका घेत बसलात, ते मी बघत होतो, आणि तुमच्या गोळ्या आणून देत होतो. मला माफ करा."